गाडी भरली, पण ब्रेक कोण बघणार?



ऊस विकास खात्याने ट्रकच्या ब्रेकवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. बेणे बदला, पाचट जाळू नका, खोडव्याला वेळेवर खत द्या, हुमणीचे भुंगेरे गोळा करा, हे आमचे नेहमीचे पाठ. ते यापुढेही चालूच राहतील. पण लागणीची नोंद घेतो ती आम्ही, तोडीचा कार्यक्रम लावतो तो आम्ही, आणि हंगामात रात्री-अपरात्री "गाडी कुठं अडकली?" म्हणून विचारणा होते तीही आमच्याकडेच. शिवाय ज्या गाडीतून ऊस येतो तिचे भाडे शेवटी कुणाच्या पदरचे जाते, हे आपणास ठाऊक आहेच. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या दारातली. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन जे उरते ते आपल्या खात्यावर पडते. म्हणजे गाडी ठेकेदाराची असली तरी खेप आपली आहे. त्या गाडीचे ब्रेक कसे आहेत हे विचारण्याचा सभासदाला पुरेपूर हक्क आहे, आणि तो हक्क आज गावोगाव नुसता पडून आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पालम भागातला रस्ता आपण रोज बघता. काही ऊस गोदाकाठच्या काळ्या, सपाट रानातून येतो, काही बालाघाटाच्या बाजूच्या चढउताराच्या गावांतून येतो. शेतातून पाणंद, पाणंदीतून गावरस्ता, आणि तिथून गाडी मोठ्या रस्त्याला लागते. गंगाखेड-पालम-लोहा हा रस्ता काही नुसत्या ऊसगाड्यांचा नाही. त्याच रस्त्यावर एस.टी. आहे, दुधाच्या कॅनची मोटारसायकल आहे, शाळेला चाललेली पोरं आहेत, आणि रात्री मागे दिवा नसलेली बैलगाडीही आहे. या सगळ्यांच्या मागून भरलेला ट्रक येतो. त्या ट्रकच्या चालकाने पाय दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, यावर पुढच्या माणसाचा जीव असतो.

आता आपल्याकडे हंगामाच्या सुरुवातीला वाहतूक सुरक्षेचा कार्यक्रम होत नाही असे नाही. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावतात, लाल कापड बांधतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. रिफ्लेक्टर हवेच, त्याने रात्रीची मागची धडक टळते, याबद्दल दुमत नाही. परंतु रिफ्लेक्टरमुळे फक्त दुसऱ्याला आपली गाडी दिसते. आपली गाडी दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून काय, तर ट्रकखाली पाठ टेकून, हात काळे करून ब्रेक तपासावे लागतात. त्याचा फोटो चांगला येत नाही. म्हणून ते काम मागे पडते की काय, अशी आम्हाला शंका आहे.

मोठ्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात, हे सर्वांना माहीत आहे. आत काय घडते ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे पटणार नाही. इंजिनवरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. चालकाने पेडल दाबले की ती हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. चेंबर म्हणजे एक गोल डबा, त्यात रबरी पडदा. हवेने पडदा पुढे सरकतो आणि त्याला लागलेला लोखंडी दांडा बाहेर ढकलला जातो. दांड्याच्या टोकाला एक आखूड हात असतो, त्याला मिस्त्री लोक 'स्लॅक' म्हणतात. हा हात फिरला की ड्रममधला कॅम फिरतो, कॅम फिरला की दोन्ही ब्रेकशू फाकतात आणि लायनर ड्रमला जाऊन घासतो. झाले. पण यात एक मेख आहे. दांडा काही वाटेल तितका बाहेर येत नाही. मोठ्या, म्हणजे तीस नंबरच्या साध्या चेंबरचा दांडा जेमतेम अडीच इंच येतो. त्यापुढे डबा संपला. आणि पूर्ण दाबाला तो दोन इंचांच्या वर येऊ लागला की ब्रेक आवळायला झाला असे समजतात. चेंबर लहान असेल तर ही मर्यादाही कमी.

लायनर झिजत जातो तसे लायनर आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. आत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी बाहेर दांड्याला तो कितीतरी पटीने जास्त चालावे लागते. एक दिवस असा येतो की दांड्याची सगळी चाल हे अंतर भरून काढण्यातच संपते आणि ड्रमवर दाब द्यायला काही उरत नाही.

बैलाचा कासरा आठवा. कासरा हातभर ढिला सोडला असेल तर तुम्ही कितीही जोरात ओढा, पहिली ओढ ढील काढण्यातच जाते. बैलाला कळायच्या आत तो शेजारच्या रानात शिरलेला असतो. ब्रेकची गत तीच आहे. फरक इतकाच की कासरा ढिला असला तर हाताला कळते. हवेचा ब्रेक ढिला असला तर पायाला कळत नाही.

हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जीपला, कारला ऑइलचे ब्रेक असतात. शू आणि ड्रममधले अंतर वाढले की पेडल खाली जाते, दोनदा दाबावे लागते, चालकाला इशारा मिळतो. ट्रकचे पेडल फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडते. चाकाकडे दांडा एक इंच चालतोय की अडीच इंच, पायाला दोन्ही सारखेच. म्हणून यार्डात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले: "साहेब, ब्रेक एकदम ओके आहे, परवाच बघितला." तो माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने ते ब्रेक लागतातही. भरलेल्या गाडीपुढे अचानक म्हैस आडवी आली, की मग खरे काय ते कळते.

त्यात उष्णतेची भर पडते. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो. तापला की लोखंड फुगते, ड्रमचा घेर वाढतो आणि तो लायनरपासून आणखी लांब जातो. दांड्याला आणखी चालावे लागते. थंड असताना जो ब्रेक काठावर पास होता तो उताराच्या शेवटाला नापास होतो, आणि नेमका तिथेच कुठेतरी पूल असतो, वळण असते, नाहीतर गाव असते.

थोडा हिशेब मांडू. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरचे बघून पाय पेडलवर जाणे आणि हवा चाकापर्यंत पोचणे, यात मिळून दोन सेकंद धरले तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी २२ मीटर पुढे गेली. त्यानंतर चांगल्या आवळलेल्या ब्रेकने ती आणखी १५ मीटरांत थांबते असे धरा. ब्रेकचा जोर निम्मा असेल तर याच ठिकाणी ३० मीटर लागतील. फरक १५ मीटर, म्हणजे बैल जुंपलेल्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा जाईल तेवढा. हा हिशेब फक्त ४० च्या वेगाचा आहे. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नाही, चौपट होते.

वजनाबद्दलही बोललेच पाहिजे, कुणाला आवडो न आवडो. २०१८ साली केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ टन केली. गाडीसकट वजन आहे हे, नुसत्या उसाचे नव्हे. मर्यादा कागदावर वाढली म्हणून जुन्या ट्रकचे ब्रेक काही एका रात्रीत मोठे झाले नाहीत. आणि मर्यादेच्याही वर माल भरला, तर २०१९ च्या सुधारित कायद्याने वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. आपल्या कारखान्यापुरती गंमत अशी आहे की जादा भरलेल्या गाडीचा पुरावा शोधायला बाहेर जावे लागत नाही. आपल्याच काट्याची पावती तो छापून देते. ती पावती फक्त उसाचे पैसे काढण्यापुरतीच बघायची की गाडीच्या ताकदीशीही ताडून बघायची, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

बाहेरची दोन उदाहरणे देतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात मुंबई-बंगळूर महामार्गावर नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकमुळे चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. आधी सगळीकडे "ब्रेक फेल" असेच झाले. पुढे तपासात निघाले ते वेगळेच: डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग टाकीत आहे तेवढीच हवा, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की त्यातलीच थोडी खर्च. गिअरची धरही गेलेली. दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्यातले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर ट्रक गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. किमान दहा माणसे गेली. त्यातली काही तर नुसती रस्त्याच्या कडेला उभी होती.

"ब्रेक फेल झाला" हा शब्दप्रयोग आम्हाला व्यक्तिशः आवडत नाही. त्यात असा सूर असतो की जणू आकाशातून वीज पडली. नळी अचानक फुटू शकते, पडदा फाटू शकतो, हे खरे. पण ढिला ब्रेक एका रात्रीत ढिला होत नाही. खेपेमागून खेप, तो रोज थोडा थोडा मागे जात असतो, आणि बघणाऱ्याला तो टेपने मोजता येतो.

काही वाहतूकदार म्हणतात, "आमची गाडी आरटीओ पासिंग आहे, मग आणखी तपासणी कशाला?" पासिंगचा नियम असा की नवीन मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे पासिंगचा ब्रेक हा त्या दिवसाचा ब्रेक. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू झाला की पाणंदीच्या धुळीत, भरल्या ओझ्याने, दिवसरात्र चालणारी गाडी काही आठवड्यांत वेगळीच गाडी झालेली असते. माती परीक्षण एकदा केले म्हणून खोडव्याला खत द्यायचे आपण थांबवतो का?

दुसरे म्हणणे असे की नव्या गाड्यांना आपोआप आवळला जाणारा स्लॅक येतो, त्यामुळे बघायची गरज नाही. आपोआपचा स्लॅक चांगलाच आहे. तथापि त्याचीही चाल मोजावीच लागते. तो मर्यादेबाहेर गेला तर पाना लावून आवळून मोकळे होऊ नये. तो स्वतः नीट चालत नाही, किंवा कॅमचे बुश झिजलेत, किंवा लायनर संपला, यांपैकी काहीतरी तो सांगत असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्लेन रॉक येथे २००३ साली एका डंपरने उतारावर गाड्यांना धडक देऊन माणसे मारली, त्यामागे हेच कारण होते: आपोआपचे स्लॅक हाताने आवळत राहिले आणि मुळातला दोष तसाच ठेवला.

तपासणी कशी करायची? याला मोठे वर्कशॉप लागत नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, ड्रम थंड. टाकीत हवेचा दाब सहा ते सात किलो येऊ द्यावा, मग इंजिन बंद करून हँडब्रेक सोडावा. ठोकळे आधी आणि हँडब्रेक नंतर, हा क्रम चुकवू नये. चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूने खूण करावी. एकाने पेडल पूर्ण दाबून धरावे, दुसऱ्याने खूण किती बाहेर आली ते टेपने मोजावे. प्रत्येक चाक वेगळे मोजायचे. एका आसावरच्या डाव्या-उजव्या चाकात फार फरक असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते, हे चालकाला विचारले तरी तो सांगेल. पेडल दाबलेले असतानाच मिनिटभर हवेचा काटा बघावा; तो खाली सरकत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे. शेवटी टाकीच्या बुडाचा नळ उघडून पाणी काढून टाकावे. त्यातून जे काळे तेलकट पाणी निघते ते एकदा सभासदांनी बघावेच.

चाल जास्त निघाली तर आवळण्याचे काम जाणत्या मिस्त्रीने करावे. साध्या स्लॅकचा बोल्ट लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा, एवढेच ते आहे; पण लायनरच संपला असेल तर आवळण्याला अर्थ नाही, तो बदलावा लागतो. एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. मागच्या चाकांना जो दुहेरी चेंबर असतो त्याच्या मागच्या डब्यात हँडब्रेकची जबर दाबलेली स्प्रिंग असते. तो डबा उघडायच्या फंदात कुणीही पडू नये. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जातो.

आता हे करायचे कधी? वाहतूकदाराची खरी अडचण इथे आहे, आणि ती खोटी नाही. त्याचे पैसे खेपेवर आणि टनावर. गाडी दोन तास मिस्त्रीकडे उभी राहिली तर त्याचा हप्ता कोण भरणार? आणि आपणही काही कमी नाही. तोडलेला ऊस फडात पडला की वजन घटते, उतारा घटतो, म्हणून आपणच चालकाच्या मागे लागतो, "चल बाबा, रात्रीतून पोचव." त्या चालकाने दोन रात्री झोप काढलेली नसते, हे कुणी विचारत नाही.

पण मजा अशी की रस्त्यावर वेळ वाचवणारी हीच गाडी यार्डात आल्यावर नंबर लावून तासन् तास उभी असते. काटा, रांग, गव्हाण. चालक चहा पितो, क्लीनर गाडीखाली झोपतो. जमीन सपाट आहे, गाडी भरलेली आहे, थांबून ड्रम थंड झालेले आहेत. ब्रेकची चाल मोजायला याहून चांगली जागा आणि वेळ कुठली? एका गाडीला अर्धा तास धरा. कारखान्याने यार्डात दिवसा एक आणि रात्री एक मिस्त्री ठेवावा, ठोकळे आणि टेप द्यावी, आणि प्रत्येक ट्रक पंधरवड्यातून एकदा या तपासणीतून जावा. जी गाडी तपासणीला थांबली तिचा नंबर जाऊ नये. उलट तिला थोडा पुढचा नंबर मिळाला तर गाड्या आपणहून रांग लावतील, ही आमची खात्री आहे. दंडाच्या धाकाने गाडीवाले लपवायला शिकतात. नंबरच्या लोभाने दाखवायला शिकतील.

खर्च होईलच. दोन मिस्त्र्यांचा हंगामाचा पगार वाहतूक खर्चात धरला तर टनामागे पडणारी रक्कम नगण्य असेल, असे आमचे मत आहे. नेमका आकडा लेखा विभागाने काढून द्यावा. कुणी म्हणेल की गाडी ठेकेदाराची, ब्रेक ठेकेदाराचे, मग कारखान्याने का? लायनर, पडदा, नळी हे सामान त्याचे त्यानेच घालावे, यात शंका नाही. पण नुसते बघण्याचे काम त्याच्यावर सोडले तर ते खेपेच्या मागे पडणार. आजवर तेच चालले आहे.

ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्यांचा विषय वेगळा आहे आणि त्याहून अवघड आहे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात; पुढचा ट्रॅक्टर एकटा सगळे ओझे धरून ठेवतो. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. तोवर एवढेच की उतारावर जो गिअर चढाला लागतो तोच ठेवावा आणि न्यूट्रल करून गाडी सोडू नये. हे ट्रकलाही लागू आहे. भरलेल्या उसावर टोळीतल्या बायापोरांना बसवून रात्री आणणेही बंद झाले पाहिजे. या माणसांना ना नोंद, ना पावती.

सभासदांनी आपल्यापुरते काय करावे, तर आपल्या फडात गाडी भरायला लागली की चालकाला दोन प्रश्न विचारावेत: शेवटचे ब्रेक कधी आवळले, आणि टाकीचे पाणी आज काढले का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो तिथेच नळ उघडून दाखवू शकतो. भरताना "अजून दोन मोळ्या टाक" असे म्हणू नये. चालकाला चहाबरोबर दोन तास झोप मिळाली तर उतारा काही बुडत नाही.

तोडणी-वाहतुकीचे करार दरवर्षी हंगामाच्या आधी होतात. त्या करारपत्रात यार्डातल्या ब्रेक तपासणीचे एक कलम घालावे, तपासलेल्या गाडीला नंबरमध्ये सवलत द्यावी आणि काट्यावर जादा वजनाच्या गाड्यांची वेगळी नोंद ठेवावी, असे तीन ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावेत अशी आमची सूचना आहे. ठराव सभासदांकडून लेखी आला तरच विषयपत्रिकेवर घेता येतो. ज्यांना सूचक किंवा अनुमोदक म्हणून सही करायची आहे त्यांनी आपला सभासद क्रमांक लिहून अर्ज आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात द्यावा. अर्जाचा नमुना तिथे ठेवला आहे. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या कारखान्याला लागतात अशा सभासदांची सही त्यावर आली तर आम्हाला विशेष आनंद होईल.